निळ्या मातीतला गंज

१

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नदीचं पाणी कुरणातून उतरलं आणि कैसू वारालाने नववा खड्डा खणायला घेतला. तिची पद्धत ठरलेली होती. आधी गवताची चौकोनी ढेपळं कापून बाजूला ठेवायची. मग ताडपत्रीवर मातीचा एकेक थर, निघेल त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. काम झालं की उजवीकडून डावीकडे सगळं परत आत, आणि शेवटी ढेपळं. एकतीस वर्षं ती फिनलंडच्या उत्तरेतल्या नद्यांकाठची माती अशी उलगडत आणि मिटवत आली होती. तिने बुजवलेला खड्डा दुसऱ्या वर्षी तिला स्वतःलाही सापडत नसे.

या मातीत तिला नवीन काही नव्हतं. वर हातभर तपकिरी गाळ, दर वसंतातल्या पुराने एकेक पापुद्रा चढवलेला. त्याखाली हिवाळ्याने मागे ठेवलेला गोठलेला थर, वीतभर जाडीचा. तो पहारीने फोडावा लागे आणि त्यात बर्फाच्या काचेसारख्या चकत्या निघत. त्याखाली निळी माती. राखेत नीळ पडावी तसा रंग, लोण्यासारखी मऊ, सडक्या अंड्याच्या वासाची. इथलं पाणी हलत नाही म्हणून खाली हवा शिरत नाही. हवा नाही म्हणून मातीतलं लोखंड गंजत नाही, आणि माती निळी राहते. गवताच्या मुळासोबत चिमूटभर हवा खाली उतरते, तेवढ्यापुरती मुळाभोवती नारिंगी नळी दिसते. जिथे हवा तिथे गंज. हे कळलं की अर्धी विद्या आली, असं ती हाताखालच्या पोरांना सांगायची, आणि उरलेली अर्धी म्हणजे गमबूट न फाटू देणं.

पालिकेला कुरणावर म्हाताऱ्यांसाठी घर बांधायचं होतं. आधी याच पालिकेने आलापेरा गावातली शाळा बंद केली, मग दवाखाना, मग गावातले म्हातारे उचलून एकशे दहा किलोमीटरवरच्या शहरात नेऊन ठेवले. तिथे खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते आणि गावाकडची बोली समजणारी एकही परिचारिका नाही. चार वर्षं लोक ओरडले, तेव्हा पालिकेला दया आली. पण दयेलाही जागा सापडली ती नदी दरवर्षी येऊन बसते तीच. कारण ती कुणालाच नको होती.

कैसूची आई हिल्या, वय चौऱ्याऐंशी, त्या शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर होती. मातीचा अहवाल कैसूनेच द्यायचा होता. तिने माती 'योग्य' म्हटली तर पुढच्या शरदात आई पूर्वेकडच्या खोलीत, मुलीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. 'अयोग्य' म्हटली तर आई त्या तिसऱ्या मजल्यावरच संपणार. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

सप्टेंबरात खणलेल्या आठ खड्ड्यांनी काही त्रास दिला नव्हता. नवव्यात दीड मीटरवर, निळ्या मातीच्या भिंतीत, कैसूला एक नारिंगी कडं दिसलं.

बशीएवढं. गोल नाही, थोडं आडवं लांबट. गंज ताजा, ओला, फावड्याला लागेल असा. आसपास एकही मूळ नव्हतं. न गंजलेलं लोखंड भेटलं की लाल होणाऱ्या रसायनाची बाटली तिच्या खिशात असे; त्यातला थेंब तिने भिंतीवर टाकला. निळ्या मातीवर तो लाल झाला, व्हायलाच हवा होता. कड्यावर टाकला, तर पाण्यासारखा ओघळून गेला.

म्हणजे इथे हवा होती. वरचा गोठलेला थर सलग, बिनभेगेचा; तिने स्वतः तासाभरापूर्वी फोडलेला. त्याच्याखाली, पाण्यात बुडालेल्या मातीत, हवा.

"कोणीतरी चाळा केलाय," कैसू मोठ्याने म्हणाली आणि पहिला संशय तिने शेजाऱ्यावर घेतला.

२

शेजारी म्हणजे ओइवा, एकोणऐंशी वर्षांचा, कुरणाला लागून असलेल्या शेवटच्या शेताचा मालक. पालिकेने जमीन घेतली तेव्हा सभेत उठून तो एवढंच म्हणाला होता, "तिथे घर नको." का, ते सांगितलं नव्हतं. कारण न सांगणाऱ्या माणसावर कैसूचा विश्वास नसे.

तो कुंपणाशी होता, खांद्यावर लाकडी मोगरी. मे महिन्यात हे काम आलापेरात प्रत्येकाला असतं. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, कुंपणाचे खांब वर ढकलते, आणि वसंतात ते परत ठोकून बसवावे लागतात.

"काका, बर्फाला भोक पाडायचं तुमचं गिरमिट कुठे असतं हल्ली?"

"भिंतीवर. का? मासे धरायला निघालीस? बर्फ गेला पोरी, दोन आठवडे झाले."

"मातीत चालवलंत का ते? माझ्या खड्ड्याजवळ?"

ओइवाने मोगरी खाली ठेवली. "जमिनीत मासे शोधण्याइतका मी अजून म्हातारा झालो नाही. तू झालीस का, ते बघ."

"कोणीतरी खाली हवा सोडलीय."

यावर तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने थर्मासमधून कॉफी ओतली, झाकण तिच्या हातात दिलं, आणि कुंपणाकडे वळला.

तेव्हा कैसूच्या लक्षात आलं. मोगरी आणली होती, पण तो ठोकत नव्हता. खांबाला दोराचा फास घालून, त्यात दांडा अडकवून, तो खांब वर उपसत होता. नऊ खांब उपसून झाले होते. प्रत्येकाचा खालचा हातभर भाग ओला आणि निळा होता.

"हे काय चाललंय?"

"इथे खांब वर येत नाहीत. खाली जातात. पन्नास वर्षं बघतोय. बाकी शेतभर ठोकायचे, या कोपऱ्यात उपसायचे."

"असं होऊच शकत नाही. गोठणारी जमीन वर ढकलते. दगड ढकलते, खांब ढकलते, माणसं पुरली तर तीही ढकलेल."

"हो ना," ओइवा म्हणाला. "म्हणून तर मी कुणाला सांगत नाही. तू शिकलेली, तू मला येड्यात काढशील. काढलंसच की नाही?"

कैसूने कॉफी संपवली. खांबाच्या तळाशी माती जास्त मऊ असेल, पुराचं पाणी आतून पोखरत असेल. कारणं शंभर होती. त्यातलं एकही तिला पटेना, आणि म्हणून तिला ओइवाचा अधिकच राग आला.

३

दुसऱ्या दिवशी तिने नळ्या तपासल्या.

सप्टेंबरातले खड्डे बुजवताना तिने प्रत्येकात एक नळी उभी ठेवली होती. दोन बोटं रुंदीची, खालच्या टोकाला भोकं पाडलेली, वर टोपण. जमिनीतलं पाणी किती खोल आहे ते त्यातून कळतं. मोजपट्टीच्या टोकाला पितळेची उपडी वाटी असते. ती आत सोडायची आणि कान द्यायचा. वाटी पाण्याला टेकली की आवाज येतो. टुबुक. मग आकडा लिहायचा.

पहिली नळी. टुबुक. बासष्ट सेंटिमीटर. दुसरी, तिसरी, तसंच. कुठेतरी क्रौंच ओरडत होते. वारा पडलेला होता. नदीकाठच्या वाळुंजाचं पान हलत नव्हतं.

चौथ्या नळीचं टोपण निघेना. तिने पकडीने पिरगाळलं तेव्हा ते सुटलं, आणि सुटताना नळीने एक लांब, बारीक, आत जाणारा आवाज केला. गरम दूध पिताना ओठ करतात तसा.

कैसू मागे सरली नाही. सवयीने तिने कारण शोधलं. पाणी उतरतंय, त्याच्या मागोमाग हवा आत ओढली जाते. शाळेतल्या पोराला कळेल असं साधं. तिने वाटी सोडली. टुबुक, बासष्ट. पाच मिनिटं थांबून परत. टुबुक, बासष्ट. पाणी केसभरही उतरलं नव्हतं.

तिने नळीच्या तोंडावर तळवा ठेवला. तळव्याची कातडी आत ओढली गेली, थोडी थांबली, पुन्हा ओढली गेली. ती वाट बघत राहिली. आत जाणाऱ्या श्वासाला बाहेर येणारा श्वास असतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. तो आला नाही. वीस मिनिटं गेली. हवा आत जात होती, थांबत होती, आत जात होती.

तळव्यावर लाल गोल वळ उमटला होता. तिने तो विजारीला पुसला, जणू पुसून जाणार होता.

संध्याकाळी तिने पालिकेत फोन केला. ओस्मो पेल्कोला, पालिकेचा व्यवस्थापक, वय त्रेचाळीस, आवाज नेहमी नुकताच पोहून आल्यासारखा.

"कैसूताई! अहवाल कधी?"

"खरं सांग ओस्मो, माझ्या पाठीमागे दुसऱ्या कुणाला तिथे आणलं होतंस? पंप लावला का कुठे?"

"देवाशप्पथ नाही. का, काही घोळ?"

"नळी हवा ओढतेय."

"मग ओढू दे की! हवाच आहे, वीज नाही." तो हसला. "ताई, परवा शहरात गेलो होतो, तुमच्या आईंना भेटलो. विचारत होत्या, खोलीतून नदी दिसेल का. मी म्हटलं, हिल्यामावशी, नदी दिसेलच, कधीकधी खोलीत येईल सुद्धा. केवढ्या हसल्या!"

कैसूने फोन ठेवला. हा माणूस विनोद करतो तेव्हा खरं बोलतो, असं तिचं मत होतं.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला, लख्ख उन्हात, तिने नवव्या खड्ड्यापासून दहा पावलांवरच्या चौथ्या नळीला लागून खणायला सुरुवात केली. या दिवसांत इथे सूर्य मावळत नाही. घाबरायला अंधार तरी हवा, असं स्वतःला बजावत तिने ढेपळं कापली. तपकिरी गाळ, मग गोठलेला थर. पहार मारताना तिला वाटलं, खालून उत्तर येतंय. ती थांबली, तेव्हा आलं नाही. परत मारली. पहारीचाच घुमारा असेल.

पाऊण मीटरवर निळी माती लागली, आणि दीड मीटरवर नळीचं भोकं पाडलेलं टोक.

त्याच्याभोवती कडी होती. एक नाही, सात. बशीएवढी, वाटीएवढी, एक तर बाटलीच्या बुचाएवढं. सगळी नळीकडे तोंड करून, एकमेकांना रेटून, भोकांना चिकटलेली. सगळी ताजी, नारिंगी, ओलसर. कुत्रीला बिलगलेली पिल्लं असतात, तशी ती लागली होती.

कैसूच्या डोक्यात सरळ, थंड हिशोब उभा राहिला. सप्टेंबरात इथे एकही कडं नव्हतं. ताडपत्रीवरचे फोटो होते, तिच्या अक्षरातल्या नोंदी होत्या. तिने नळी घातली. हिवाळाभर वरचं सगळं गोठलेलं असताना या एका नळीतून, टोपणाच्या फटीतून, हवा खाली उतरत राहिली. ओइवाने काही केलं नव्हतं. ओस्मोनेही नाही. चाळा करणारं माणूस एकच होतं आणि ते आत्ता गुडघ्यावर बसलं होतं.

"जीवाणू," ती म्हणाली. "लोखंड खाणारे जीवाणू असतात. पुस्तकात आहेत."

ती सुरीने सर्वांत मोठ्या कड्याच्या कडेची माती खरवडू लागली, नमुना घ्यायला. पातळ साल निघाली. कड्याच्या आतली माती निळी नव्हती. तिथे मातीच नव्हती. पोकळ होतं, आणि आत काहीतरी गुळगुळीत, फिकट, ओलं. तिने मान वाकवली. उन्हाची तिरीप तिच्या खांद्यावरून आत पडली.

कडं मिटलं.

दचकून नाही, झटक्याने नाही. सावकाश, कडेकडेने, झोपेतलं मूल ओठ मिटतं तसं. भिंतीवर फक्त एक आडवी नारिंगी रेघ राहिली. मग बाकीची सहाही मिटली, आकाराच्या क्रमाने.

कैसू वर कशी आली ते तिला आठवत नाही. पण खड्डा तिने तसाच सोडला नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने नळी उपटली. चिकट निळ्या मातीचे गोळे करून भोक ठासून भरलं. उजवीकडून डावीकडे सगळे थर परत घातले. ढेपळांवर दोन्ही पायांनी उभी राहून ती बराच वेळ दाबत राहिली. मग उरलेल्या सात नळ्या उपटून तीही भोकं बुजवली. दुपारचा एक वाजला होता.

५

अहवाल लिहायला तिला दोन दिवस लागले, आणि त्यातला दीड दिवस एका वाक्यावर गेला. ते वाक्य तिने सात वेळा लिहिलं आणि खोडलं. लिहिलं असतं तर काय झालं असतं, हे तिला माहीत होतं. कार्यालयातल्या तरुण मंडळींनी एकमेकांकडे बघितलं असतं. वाराला थकली, म्हणाले असते. मग दुसरा तज्ज्ञ आला असता, दुसऱ्या नळ्या घेऊन.

म्हणून तिने जे सिद्ध करता येईल तेच लिहिलं. पूरमैदानाची माती. निचरा अत्यंत वाईट. वर्षभर पाण्याने भरलेली, हवा खेळत नाही, गोठताना फुगते. बांधकामास अयोग्य. खाली सही. प्रत्येक शब्द खरा होता. तिच्या आयुष्यातला सर्वांत खरा आणि सर्वांत अर्धवट कागद.

दुसऱ्या नदीवरच्या कामाला निघून जाऊन आईला फोन करायचं ती दहा दिवस टाळत राहिली. अकराव्या दिवशी पहाटे घरी परतून, कुरणाकडे न बघता ती झोपली, आणि जाग आली ती ओस्मोच्या फोनने.

"कैसूताई, तुम्ही तर मला घाबरवलंच होतं! अयोग्य! तुमच्या आईंना काय तोंड दाखवू म्हणून झोप उडाली माझी. पण मग अहवाल नीट वाचला. पाणी निघत नाही, हवा खेळत नाही. एवढंच ना? दुसरं तर काही नाही त्यात?"

कैसूने टेबलावरची अहवालाची प्रत उलटी करून ठेवली.

"असेल तर आत्ता सांगा हं. नंतर म्हणू नका."

"कागदावर तेवढंच आहे," ती म्हणाली.

"बस तर! त्याला उपाय आहे. दक्षिणेकडचा कंत्राटदार गाठला. पाणी उपसायच्या नळ्या घालतो, खोल, दर चार मीटरवर एक. एकशे वीस नळ्या. पाणी बाहेर, हवा आत. दोन उन्हाळ्यांत जमीन खडखडीत. कालच घालून झाल्या. आणि आज तर गंमतच केलीय. शहरातून आपल्या पाच जणांना मिनीबसने आणलंय, जागा दाखवायला. तुमच्या आई पण आल्यात. तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, पण त्याच म्हणाल्या, फोन कर पोरीला..."

कैसूने फोन टेबलावर टाकला. पायात गमबूट नव्हते, घरातल्या सपाता होत्या. रस्ता ओलांडून, कुंपण ओलांडून, ती कुरणात शिरली.

पांढऱ्या नळ्या कमरेएवढ्या उंच, ओळीने उभ्या होत्या, नदीपर्यंत. वारा अजिबात नव्हता. तरी प्रत्येक नळीभोवतीचे डास नळीच्याच तोंडाकडे खेचले जात होते आणि आत नाहीसे होत होते. सगळीकडून तोच बारीक आवाज येत होता, एकशे वीस ठिकाणांहून, आता एका लयीत.

मिनीबसपाशी ओस्मो कॉफीचे पेले वाटत होता. चार म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसून, इकडच्या रिवाजाप्रमाणे, चीज कॉफीत बुडवून खात होती. पाचवी, आईची चाकांची खुर्ची, तिथे नव्हती.

"आई कुठाय?"

"तिकडे, नदी बघायची म्हणाल्या. मीच ढकलत नेलं. अहो, पायात काय हे..."

आई शेवटच्या ओळीत होती, उन्हाकडे पाठ करून. निळा रुमाल, मांडीवर पर्स. उजवा हात तिने जवळच्या नळीच्या तोंडावर ठेवला होता, म्हाताऱ्या माणसाने शेजारच्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. चेहऱ्यावर चार वर्षांत न दिसलेलं समाधान होतं.

"कैसू! आलीस? बघ ना ग, कसं लहान बाळासारखं चोखतंय. तू अशीच करायचीस, बोट सोडायची नाहीस."

"आई, हात काढ."

"गार वाटतं. बरं वाटतं. तिकडे कोणी हातात हात घेत नाही."

"आई, हात काढ म्हणते ना!"

कैसूने आईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. मनगट थंड होतं. नळीच्या कडेवर, आईच्या बोटांमधून, एक पातळ नारिंगी ओघळ उतरत होता. तिने ओढलं. हात हलला नाही. तिने पाय जमिनीत रोवून पुन्हा ओढलं. कुरणभरचा आवाज एकदम थांबला, आणि बसपाशी कोणीतरी हसलेलं स्पष्ट ऐकू आलं.

आईने तिच्याकडे वर बघितलं. कपाळाला बारीक आठी पडली होती. दुखत असल्याची नव्हे, मूल जागं होऊ नये म्हणून पडते तशी.

"हिसका मारू नकोस ग," ती हळूच म्हणाली. "त्याने अजून सोडलं नाही."